नुसती भाकरी देऊ नये

अंगणातल्या कडुलिंबाला मोहोर आला की मी झाडू हातात घेते आणि थांबते. गावात माझं नाव शिस्तीची बाई असं आहे. डब्यांना चिठ्ठ्या, दोरीवर कपडे लांबीच्या क्रमानं, वर्तमानपत्रं महिन्यामहिन्याची बांधून ठेवलेली. पण चैत्रातला हा पांढरा सडा काही मला लोटवत नाही. त्याला गोडसर, थोडा कडू असा वास असतो, आणि त्या वासासोबत मला सास्तूरच्या जीपचा हॉर्न ऐकू येतो. जीपच्या टपावर पुठ्ठ्याचं एक खोकं बांधलेलं आहे आणि आत खिडकीतून मान बाहेर काढून तेजल वर बघते आहे, खोकं आहे ना म्हणून.

ईरा, परवा तुझा फोन आला. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला तुला नव्या शहरात जायचं आहे. कॉलेजनं तिथल्या चार माजी विद्यार्थ्यांचे नंबर दिले आहेत, आणि ते तुझ्या फोनमध्ये तसेच पडून आहेत. तू म्हणालीस, "आजी, ओळख ना पाळख. ते त्यांच्या कामात असतील. कशाला त्रास द्यायचा?" मी फोन ठेवला, अंगणात गेले, झाडू घेतला आणि पुन्हा तसंच झालं. म्हणून लिहायला बसले. अर्णव, तूही वाच. तुला अजून वेळ आहे, पण वाच.

माजी विद्यार्थी म्हटलं की मला आमच्या शाळेचा मेळावा आठवायचा. शाल, नारळ, लांबलेली भाषणं आणि शेवटी उपमा. पोरं टक्कल पडल्यावर एकमेकांना टोपणनावानं हाका मारतात आणि घरी जातात. तुमच्या आईनं, मेधानं, पुण्यात मॅनेजमेंट केलं तेव्हा तिच्या कॉलेजचाही असा एक ग्रुप आहे हे मला माहीत होतं. त्यांच्यातही नारळ देत असतील अशी माझी समजूत.

मग काही वर्षांपूर्वी अशाच मोहोराच्या दिवसांत मेधाचा फोन आला.

"आई, एक मुलगी येतेय लोहाऱ्याला. उन्हाळाभर राहील. वरची खोली देशील?"

"कोण आहे?"

"आमच्या कॉलेजची."

"तू ओळखतेस तिला?"

"नाही."

"मग?"

"आमच्या कॉलेजची आहे ना."

माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. पण मेधा कॅनडात, तिला उभं कुठून करणार. तिनं समजावून सांगितलं. पहिल्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात कुठंतरी काम शिकायला जातात. कुणी बँकेत, कुणी मोठ्या कंपनीत, कुणी आमच्यासारख्या गावात. जिथं मूल जाईल तिथला, नाहीतर त्या कामातला जुना विद्यार्थी शोधायचा. एकानं राहण्याची सोय बघायची, एकानं दर रविवारी फोनवर बोलायचं, एकानं शेवटचा अहवाल आधी ऐकून चुका काढायच्या. "मला माझ्या वेळी एका ताईनं महिनाभर घरात ठेवून घेतलं होतं," मेधा म्हणाली. "तिचं नाव सोडून तिच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. आता माझी पाळी."

"पाळी तुझी, आणि चादरी मी धुवायच्या," मी म्हटलं. पण खोली झाडायला घेतली.

तेजल ठाण्याची. सडसडीत, भराभर बोलणारी. एसटीतून उतरली तेव्हा उन्हानं लाल झाली होती. पहिल्या दुपारी तिनं विचारलं, "काकू, इथं भर दुपारी लोक काय करतात?"

"शहाणे असतील ते झोपतात," मी म्हटलं.

ती झोपली नाही. सास्तूरला जायला जीप कधी मिळते ते विचारत बसली. दोन दिवसांनी काकूची आजी झाले, आणि आठवड्याभरात तिनं माझ्या डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून काढल्या.

सास्तूरला तिला काम होतं सुमनच्या बचत गटात. सुमन माझी आठवीतली विद्यार्थिनी. मी तिला वर्षभर इंग्रजी शिकवलं, त्यातलं तिच्याजवळ एकच वाक्य उरलं आहे. आजही माझ्या दारात आली की चप्पल काढून विचारते, "मे आय कम इन, बाई?" आणि उत्तराची वाट न बघता आत येते. भूकंपानंतर बांधलेल्या ओळीतल्या घरांत शेवटचं घर तिचं. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये चुली, आणि चुलींपाशी गटाच्या बाया. त्या कडक भाकरी करायच्या.

ही भाकरी तुम्ही इथं आलात तेव्हा खाल्ली आहे. शाळूचं पीठ, पापडासारखी पातळ थापायची, तव्यावरून काढली की निखाऱ्याच्या कडेला उभी करून ठेवायची. आतलं पाणी पार सुकलं पाहिजे. मग ती कितीतरी दिवस टिकते. सुमनची परीक्षा एकच: भाकरी कानाजवळ धरायची आणि मोडायची. "आवाज न्हाय आला तर ती कडक न्हाय, शिळी," ती म्हणायची.

बाजारात आणि लग्नांत भाकरी खपायची. पण लग्नं काय, पाऊस लागला की संपली. मग शेड बंद, आणि बाया पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला. सुमनला पुण्यातलं दुकान हवं होतं, वर्षभर माल घेणारं. तेजलला ते मिळवून द्यायचं होतं, कॉलेज उघडायच्या आत. तिच्या वर्गातली मुलं गार ऑफिसांत बसून मोठाले तक्ते करत होती. तिला वाटणीत शेवटी उरलेलं काम आलं होतं. ते ती कधी बोलली नाही, पण मी शिक्षिका आहे. मागच्या बाकावरचं मूल मला पाठीकडूनही ओळखू येतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात यायचं, म्हणून मी तिथं सतरंजी घालून ठेवायची. गच्ची पाणी मारूनही तापलेली असायची. खालून आजोबा विचारायचे, "भरली का शाळा?" आणि तेजलच्या फोनवर एकेक खिडकी उघडायची. मेधा तिकडच्या सकाळी, कॉफी घेऊन. अर्णव, तू एकदा मागून दात घासत गेलास, सगळ्यांनी पाहिलं. सोलापूरचे सलीमभाई, त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. पुण्याच्या नीलिमाताई, त्यांची घरगुती पदार्थांची दुकानं. सगळे त्या एका कॉलेजचे, पण वेगवेगळ्या वर्षांचे. मेधानं यांच्यातल्या कुणाला कधी समोरासमोर पाहिलेलं नव्हतं.

नीलिमाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तेजल, कॉलेजच्या नावावर मी तुझा माल एकदा उघडून बघेन. विकायला ठेवेन तो फक्त मालाच्या नावावर." मला ही बाई आवडली. मार्क असे द्यावेत.

पहिली अडचण आमचे रस्ते. सास्तूरची भाकरी लोहाऱ्याला येईपर्यंत चुरा व्हायची. सलीमभाईंनी आतून कप्पे असलेलं खोकं करून एसटीनं पाठवलं. ते तपासायचं कसं? तेजलनं त्यात भाकरी भरली आणि खोकं जीपच्या टपावर बांधायला सांगितलं.

"कुठं उतरवायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कुठंच नाही. लोहाऱ्याला जाऊन परत इथंच आणायचं."

"म्हंजे खोकं नुसतं फिराय चाललंय व्हय?" तो म्हणाला. "बरंय. आमाला कुणी असं फिरवत न्हाय."

तेजलही त्याच जीपमध्ये बसली. मोहोराच्या वासात मला दिसते ती हीच तेजल, आमच्या दारापुढून जाताना, मान बाहेर काढलेली. परत सास्तूरला खोकं उघडलं तर भाकरी सगळ्या अख्ख्या. सुमननं एक कानाशी नेली, मोडली आणि बायांकडं बघून मान हलवली. त्या दिवशी शेडमध्ये चहा झाला.

मग खरा नमुना पुण्याला गेला. तेजल दोन दिवस माझ्या मागेपुढे करत होती. कुरडया वाळत घातल्या त्याही तिनं चारदा उलटल्या.

रविवारी नीलिमाताईंची खिडकी उघडली. त्यांनी एक भाकरी उचलून दाखवली. ती मधोमध वाकली. मोडली नाही, नुसती वाकली, ओल्या पुठ्ठ्यासारखी.

"खोकं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एकही तुटली नाही. पण सगळ्या मऊ. आणि तेलकट. तेजल, प्रत्येक खोक्यात हिरव्या मिरचीच्या ठेच्याची पुडी आहे, आणि गुळाचा खडा आहे. होता. तो विरघळला. हे तू लिहिलेलं नाहीस."

तेजलचा चेहरा उतरला. "मी ठेवलेलं नाही, मॅडम."

"कुणीतरी ठेवलंय," नीलिमाताई म्हणाल्या. "भाकरी नापास. ठेचा मात्र संपला. अजून एकच खोकं मी उघडेन."

आता मला हसू यायला लागलं होतं आणि ते दाखवायची सोय नव्हती. कारण कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हे मला तिथं बसल्याबसल्या कळलं होतं. आमच्याकडं कुणाच्या हातावर नुसती भाकरी ठेवत नाहीत. भाकरीबरोबर लावून खायला काहीतरी द्यायचंच, त्याला आम्ही कोरड्यास म्हणतो. आमटी असो, पिठलं असो, अगदीच काही नसेल तर मिरची नि मीठ. नुसती भाकरी दिली की देणाऱ्याचं घर उघडं पडतं.

मी सोलापूरला कॉलेजात होते तेव्हा घरून डबा यायचा, एसटीनं. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं आई डबा द्यायची आणि मी दुपारी स्टँडवर जाऊन घ्यायची. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलामुलींचे डबे त्या गाडीत असायचे. कंडक्टर कुणाचाच नातेवाईक नव्हता. पण डबा सांडला तर तो आमच्याआधी हळहळायचा. डबा दोन खणी, खाली भाकरी आणि वर कोरड्यास. आणि नेहमी एक भाकरी जास्तीची. ती कुणाची हे ठरलेलं नसायचं. ज्याचा डबा त्या दिवशी आला नसेल त्याची. मी आईला एकदा विचारलं होतं, रोज कशाला घालतेस? ती म्हणाली, "कुणाचा तरी चुकतोच की."

दुसऱ्या दिवशी मी तेजलबरोबर सास्तूरला गेले. तेजल रागात होती, आणि रागापेक्षा जास्त घाबरलेली.

"सुमनताई, खोक्यात ठेचा कुणी ठेवला?"

"आमीच," सुमन म्हणाली, अगदी सरळ. "तुमी फोन कराय गेल्ता तवा. गूळ बी ठेवला. का, पोचला न्हाय?"

"पोचला. त्यानंच भाकरी मऊ पडली. यापुढं खोक्यात भाकरीशिवाय काही नको."

सुमननं हातातलं पीठ झटकलं. "नुसती?"

"नुसती."

"बाई, तुमीच सांगा हिला. पहिल्यांदा कुणाच्या दारात चाललोय आमी. पुण्याची माणसं खोकं उघडून काय म्हनतील? सास्तूरच्या बायांनी कोरडी भाकर धाडली. त्यापरीस खोक्यावर आमचं नाव टाकू नका. दुसऱ्या कुणाचं बी टाका."

तेजलनं माझ्याकडं पाहिलं. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि अशा वेळी शिक्षकाला काही येत नसतं.

घरी येऊन तेजलनं ग्रुपवर सगळं लिहिलं. खूप उत्तरं आली. कुणी कुठल्या कंपनीचं उदाहरण दिलं, कुणी तीन माणसांचे नंबर, कुणी धीर धर म्हणालं. तेजल फोन उलटा ठेवून जेवायला बसली. मी तिला भाकरी वाढली आणि वरून कारळाची चटणी. ती चटणी बोटानं चिवडत होती. मग बोटांकडं बघायला लागली.

"आजी, ही कोरडीच आहे."

"कारळाची कोरडीच असते. भाजायची आणि कुटायची."

ती उठली, मांडणीवरून माझी बरणी काढली आणि चिठ्ठी वाचली. मी लिहिलेलं होतं: कारळं, तेल नाही, पाणी नाही, चैत्र. तिनं बरणी छातीशी धरली. "ही सुमनताईंना कोरड्यास म्हणून चालेल?"

"चालेल का ते तिला विचार."

तिनं सलीमभाईंना फोन केला, चटणीसाठी घट्ट बंद होणाऱ्या लहान पिशव्या कुठं मिळतील म्हणून. नुसता पत्ता सांगितला असता तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई स्वतःच दारात उभे. सोलापूरहून भर उन्हात आलेले, गाडीत पिशव्या आणि त्यांची तोंडं बंद करायचं छोटं यंत्र. आजोबांनी विचारलं, "कारखाना सोडून आलात?"

"कारखाना कुठं जातोय, सर," ते म्हणाले. "मी इंटर्नशिपला चेन्नईला होतो. भाषा येईना, रोज रडायला यायचं. आमच्या कॉलेजचा एक म्हातारा माणूस रोज संध्याकाळी यायचा, मला बाजूला बसवून भात खिलवायचा. मदत म्हणाल तर एवढीच. पण तेवढ्यावर मी राहिलो."

आम्ही तिघं बरणी घेऊन सास्तूरच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा सुमननं चटणी चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. सलीमभाई मांडी घालून बसले होते, पुढ्यात भाकरी. ते म्हणाले, "ताई, आमच्या अम्मी बी शेजारचं भांडं रिकामं परत करत नाही. काही नसलं तर साखर घालून देती. तुमचं बरोबर आहे. नुसती नको."

"मीठ कमी हाय," सुमन म्हणाली.

"माझ्या चटणीत?" मी विचारलं.

"व्हय, बाई. आन् लसून घालावा लागंल, भाजून वाळवून. तुमचं इंग्रजी चांगलंय."

बाया हसल्या. आठवीतल्या एका वर्षाचा हिशेब तिनं असा चुकता केला. पण कारळं त्याच दुपारी भाजायला घेतली.

पुढच्या रविवारी गच्चीवर आम्ही नेहमीपेक्षा जास्त होतो. सुमन आली होती, टाकीला टेकून, पदर दातांत धरून. आजोबाही वर आले. खोकं पुण्याला पोचलं होतं, आणि नीलिमाताईंनी ते मुद्दाम उघडलं नव्हतं, सगळ्यांसमोर उघडायचं म्हणून. त्यांनी पट्टी कापली. चटणीची पिशवी बाहेर काढली, उलटसुलट केली, बाजूला ठेवली. अजून कशाची पुडी आहे का म्हणून हात फिरवला. सुमन आकाशाकडं बघत होती. मला क्षणभर शंका आली. पण नव्हती.

मग त्यांनी भाकरी उचलली आणि फोनजवळ धरली. मेधानं कप खाली ठेवला. सोलापूर, पुणे, कॅनडा आणि आमची गच्ची, सगळे कान देऊन.

कट्.

इतका लहान आवाज. पण मी तो स्पष्ट ऐकला आहे, आणि दर चैत्रात ऐकते. सुमननं दातांतला पदर सोडला. तेजल रडली, आणि मग इतकी हसली की खाली रस्त्यावरच्या माणसानं वर पाहिलं. नीलिमाताई तोंडात घास असताना म्हणाल्या, "पास. पण ठेचा वेगळ्या बाटलीत पाठवा, तो मला घरी हवाय."

तेव्हापासून सुमनच्या शेडमधल्या चुली पावसाळ्यातही पेटतात. खोक्यावर सास्तूरच्या बायांचं नाव आहे. तेजल आता नोकरीला आहे, आणि दर उन्हाळ्यात एका नव्या मुलीला घेऊन रविवारी फोनवर बसते. मलाही त्यांनी ग्रुपात घेतलं आहे. मी त्या कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नाही. यंदाची मुलगी वाशीमची आहे, आणि वरच्या खोलीत राहते. माझ्या चिठ्ठ्या तिनं अजून वाचलेल्या नाहीत, पण वाचील.

आता तुझं, ईरा. ते चार नंबर म्हणजे नुसती भाकरी आहे, हे मला मान्य आहे. घशाखाली उतरत नाही. पण कोरड्यास त्यांनीच आणायला हवं असं कुठं आहे? परवा मी सुमनला सांगितलं, नात अनोळखी गावात चालली आहे, कुणाला फोन करायला लाजते. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जायचं म्हनून लाजत आसंल. खोकं देते की."

मग मी ग्रुपवर विचारलं, कुणी तिकडं जातंय का. एक मुलगा म्हणाला, माझ्या बॅगेत जागा आहे. त्याला मी ओळखत नाही. मेधाच्या कॉलेजचा आहे, एवढं पुरे. तो या आठवड्यात येऊन खोकं घेऊन जाईल, आणि तुझ्या दारात आणून देईल. त्याला पाणी विचार. जेवायलाही विचार.

खोक्यात भाकरी आहेत, चटणी आहे. सुमननं अजून काहीतरी घातलं असणार, कारण पट्टी लावताना तिनं मला चहा करायला आत पाठवलं. भाकरी तुझ्या एकटीला जास्त होतील, त्या तशा मोजूनच घातल्या आहेत. त्या चौघांपैकी जो जवळ राहतो त्याला फोन कर आणि म्हण, घरून डबा आलाय, येऊ का?

आणि पहिली भाकरी मोडशील तेव्हा मला फोन लाव. बोलू नकोस काही. फोन भाकरीजवळ धर.